गुडघा बदलल्यावर अँटिबायोटिक एका दिवसात बंद केलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की आईचा गुडघा बदलायचाय, अँटिबायोटिक फक्त ऑपरेशनच्या दिवशी देणार, घरी गोळ्या नाहीत, म्हणून जीव धास्तावलाय. मी भूलतज्ज्ञ आहे. ते इंजेक्शन बहुतेक वेळा माझ्याच हातून जातं. तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत.

या औषधात किती दिवस यापेक्षा कधी, हे महत्त्वाचं. चीर पडते त्या क्षणी औषध गुडघ्याच्या मांसात आणि हाडात पोचलेलं हवं. म्हणून सेफाझोलिन हे अँटिबायोटिक 2 ग्रॅम (वजन 120 किलो किंवा जास्त असेल तर 3) चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून देतो. गुडघ्याच्या वेळी आणखी एक गोष्ट असते. मांडीला टूर्निके, म्हणजे हवेने फुगणारा घट्ट पट्टा, बांधून हवा भरली की खाली रक्त जात नाही, आणि रक्त नाही तर औषधही नाही. त्यामुळे टूर्निके फुगवायच्या आधी मी मोठ्याने सांगते, "अँटिबायोटिक गेलंय." ते गेलं नसेल तर सगळे थांबतात. ऑपरेशन चार तासांच्या पुढे लांबलं तर दुसरा डोस.

1961 साली बर्क नावाच्या सर्जननी गिनीपिगवर हेच दाखवलं होतं: जंतू शिरल्यावर तीन तासांनी दिलेल्या औषधाचा काही उपयोग झाला नाही.

मग खबरदारी म्हणून आठवडाभर गोळ्या का नकोत? जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्पष्ट सांगितलं की ऑपरेशननंतर प्रतिबंधक डोस लांबवू नयेत. संसर्ग त्याने कमी होत नाही. जुलाब होतात आणि औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढतात. आजही अनेक ठिकाणी सवयीने पाच-सात दिवस देतात, त्याचं मला वाईट वाटतं.

आईंना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं कुठे लिहिलं असेल तर तेव्हा नेमकं काय झालं होतं ते विचारून घ्या. नुसती मळमळ म्हणजे ॲलर्जी नव्हे. त्या एका शब्दापायी सेफाझोलिन सोडून व्हॅन्कोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिककडे वळावं लागतं. ते सावकाश सोडावं लागतं, त्यामुळे चीर देण्याच्या दोन तास आधीपासून सुरू करावं लागतं. खरं तर पेनिसिलिनची ॲलर्जी सांगणाऱ्या बहुतेकांना सेफाझोलिन चालतं. साखर आटोक्यात ठेवा आणि पायावर ओरखडा, फोड, चिखल्या काहीही असलं तरी आधी दाखवा.

घरी आल्यावर जखम झिरपत राहिली, लाली वाढली किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नका. जंतू नव्या सांध्याच्या धातूवर चिकट थर करून बसतात, गोळीने तो निघत नाही. उलट सांध्यातलं पाणी तपासायला काढलं तर त्यात जंतू अनेकदा सापडत नाहीत आणि निदान लांबतं. त्याच दिवशी सर्जनना फोन करा, रविवार असला तरी.