चाळीस सिटिंगचे पैसे आगाऊ भरायचे का?

साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वडील ६८ वर्षांचे, एसटीतून निवृत्त, वीस वर्षांचा मधुमेह. तळपायाची जखम तीन महिने झाले तरी भरत नाही, संसर्ग हाडापर्यंत पोचलाय; कागदावर 'वॅग्नर ग्रेड ३' लिहिलंय (मधुमेह्यांच्या पायाची जखम किती गंभीर, हे सांगणारी श्रेणी). पुण्यातल्या एका सेंटरने हायपरबॅरिक ऑक्सिजनच्या, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेण्याच्या, चाळीस सिटिंग सांगितल्या आहेत. सुटी सिटिंग ५,००० रुपयांना, सगळे पैसे आधी भरले तर १,६०,०००. वडिलांची ६ लाखांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना मोडावी, की मुलीच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली ३ लाखांची एफडी, हा प्रश्न. मेहुणे म्हणतात, त्यापेक्षा घरीच चेंबर घ्या, वापरून झालं की भाड्याने देता येईल.

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पायाचा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, केल्याचा उल्लेख कुठेच सापडला नाही. मी डॉक्टर नाही, पण पैशाचा क्रम त्याच तपासणीवर ठरतो म्हणून विचारतोय. पायाकडे जाणारी रक्तवाहिनीच अडली असेल, तर आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवायला हवं. ती अँजिओप्लास्टीने उघडता येते का, ते सांगतील. आणि गंमत बघा: तुमची ५ लाखांची पॉलिसी चार वर्षं जुनी आहे, म्हणजे मधुमेहाचा प्रतीक्षा काळ (जुन्या आजाराचा खर्च विमा देत नाही ती सुरुवातीची वर्षं) संपलेला. ॲडमिट होऊन केलेली अँजिओप्लास्टी, जखमेची शस्त्रक्रिया, आणि बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचं ड्रेसिंग आणि औषधं, हे सगळं विम्यात बसायला हवं. ऑक्सिजनच्या सिटिंग मात्र बहुधा बसणार नाहीत. काही पॉलिसींत हा उपचार नाव घेऊन वगळलेला असतो. नसला तरी 'अनप्रूव्हन ट्रीटमेंट'चं, म्हणजे पुराव्याने सिद्ध न झालेल्या उपचाराचं, कलम असतंच. 'होईल क्लेम, काळजी करू नका' असं एजंट तोंडी म्हणाला असेल, तर त्याला काही अर्थ नाही. कंपनीला ईमेल करा, पॉलिसी नंबर आणि उपचाराचं नाव लिहून, आणि उत्तर लेखी घ्या.

म्हणजे ज्याचे पैसे विमा देईल, तेच आधी करायचं आहे. खिशातल्या पैशाची पाळी नंतर.

उपचार खोटा आहे, असं मी म्हणत नाही. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांना होणाऱ्या त्रासावर आणि बाथरूममधल्या गॅस गिझरच्या विषारी वायूने बेशुद्ध झालेल्यांवर तो वापरतात. कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाचा या क्षेत्रातला अनुभव जुना आहे. मधुमेहाच्या पायाच्या बाबतीत मात्र पुरावा दोन्हीकडे झुकतो. स्वीडनमध्ये ९४ रुग्णांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर चेंबरमध्ये ऑक्सिजन घेतलेल्या ५२ टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली होती, चेंबरमध्ये नुसती हवा घेतलेल्या गटात २९ टक्के. २०१८ च्या नेदरलँड्समधल्या १२० रुग्णांच्या चाचणीत पाय वाचवण्यात ठाम फरक दिसला नाही. त्यातली एक गोष्ट मला हिशेबाच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते: चेंबरच्या गटातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना ठरलेला कोर्स पुरा करताच आला नाही. आजारी माणसं होती ती. तुमचे वडीलही आहेत.

आता पॅकेजचं गणित. सुट्या दराने ३२ सिटिंग झाल्या की १,६०,००० होतात. म्हणजे कोर्स बत्तिसाव्या सिटिंगच्या आत कुठेही थांबला, तर सुटे पैसे भरलेलेच स्वस्त. चाळीसही पुऱ्या झाल्या तर तुम्ही ४०,००० जास्त दिलेत. हे ४०,००० म्हणजे थांबायच्या मोकळिकीची किंमत समजा, मला ती महाग वाटत नाही. दहा-दहाच्या हप्त्याने काही सूट मिळते का, ते नक्की विचारा, मिळते बऱ्याचदा.

थांबायचं कधी? अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी विमा, मेडिकेअर, यात फार शिस्तीचा आहे. जखम ग्रेड ३ किंवा त्याहून वाईट हवी, ३० दिवस नीट उपचार करूनही सुधारणा नसावी, तरच तो पैसे देतो. पुढे दर ३० दिवसांनी जखम तपासायची; भरण्याची लक्षणं नसतील तर पैसे बंद. आठवड्याला पाच या हिशेबाने महिन्यात साधारण वीस सिटिंग, म्हणजे १ लाख रुपये. तेवढीच तुमची पहिली मर्यादा. जखमेचं माप पहिल्या दिवशी लिहून घ्या, फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, आणि पुढचे पैसे द्यायचे की नाही, हे सेंटरऐवजी तुमच्या सर्जनला ठरवू द्या.

ज्येष्ठ नागरिक योजनेला हात लावू नका. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातंच बंद करावं लागतं. तुमचं सोळा महिन्यांचं आहे, म्हणजे दीड टक्का कपात, ९,००० रुपये. त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे: ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे १२,३०० रुपये बंद होतील. एसटीवाल्यांची पेन्शन किती असते, हे तुम्हाला सांगायला नको. ते १२,३०० वडिलांचे स्वतःचे पैसे आहेत. बरं होत असलेल्या माणसाला औषधासाठी मुलापुढे हात पसरायला लावू नये.

एफडीसुद्धा मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. बँका साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त लावतात. एफडी चालूच राहते, व्याज वापरलेल्या रकमेवरच. १ लाख वर्षभर वापरले तरी खरा भुर्दंड हजार रुपयांच्या आसपास, कर सोडून. उरलेले २ लाख मुलीचे आहेत, त्यांना पायाशी जोडू नका. जाण्यायेण्याचाही विचार करा. सातारा ते पुणे रोज शंभरावर किलोमीटर, संसर्ग झालेला पाय घेऊन, आठ आठवडे, हे होणार नाही. आत्यांकडे राहायचं म्हणता, ठीक. पण तेवढे दिवस दुकान कोण बघणार, तो खर्चही याच वहीत मांडा.

सुरक्षिततेवर एक रुपयाचीही घासाघीस नको. सुरू करण्याआधी छाती, कान आणि डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर तो वाढू शकतो. मधुमेह्यांची साखर चेंबरमध्ये खाली येते, म्हणून प्रत्येक सिटिंगआधी मोजली पाहिजे. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली तर वाचायला वेळ मिळत नाही. मिलानमध्ये १९९७ साली अशा आगीत ११ जण गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये मिशिगनमध्ये पाच वर्षांचा मुलगा. म्हणून मोबाइल, पॉलिस्टरचे कपडे, डोक्याला तेल, अंगाला बाम, काहीही आत चालत नाही. सेंटरवाले हे दर वेळी तपासत नसतील, 'चालतंय हो' म्हणत असतील, तर पैसे परत मागा आणि बाहेर पडा. आगाऊ न भरण्याचं हेही एक कारण आहे.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा. घरगुती मऊ चेंबरमध्ये दाब नेहमीच्या हवेच्या दाबाच्या १.३ पटीच्या आसपास जातो. दवाखान्यात अशा जखमेसाठी २ ते २.५ पट लागतो, तोही शुद्ध ऑक्सिजनवर. दोन्हीला चेंबरच म्हणतात, एवढंच साम्य. आणि भाड्याने देऊन दुसऱ्याच्या जिवाची जोखीम आपल्या अंगावर घ्यायची, ती कुठल्या हिशेबात धरणार?