‘पिशवीला सूज’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझे वय ४३ आहे. मला दोन मुले असून धाकट्याच्या वेळी सिझेरियन झाले. त्याआधी एकदा गर्भपात झाल्यामुळे क्युरेटिंग करावे लागले होते. दोन वर्षांपासून पाळीत अंगावरून फार जाते आणि ओटीपोटात असह्य कळा येतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘ॲडेनोमायोसिस’ असे लिहिले आहे. बाळंतपणानंतर लवकर कळश्या उचलल्याने पिशवी सुजली, असे सासूबाई म्हणतात. मला वाटते, ते क्युरेटिंगच भोवले. खरे कारण कोणते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कळश्या उचलल्याने हा विकार होत नाही, हे आधी सांगते. ‘पिशवीला सूज’ हा शब्द आम्हा डॉक्टरांच्याच तोंडी बसलेला आहे, पण तो फसवा आहे. येथे जंतुसंसर्गाची सूज नसते. गर्भाशयाचे जे अस्तर दर महिन्याला वाढते आणि पाळीत गळून पडते, त्याच्याच ग्रंथी व पेशी भोवतालच्या स्नायूंच्या भिंतीत सापडतात. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये याचे वर्णन केले होते.

शरीरातील बहुतेक पोकळ अवयवांत आतले अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये एक वेगळा थर असतो. गर्भाशयात तो नसतो, अस्तर थेट स्नायूंवरच टेकलेले असते. ही सीमा प्रसूती, सिझेरियन, क्युरेटिंग यांमुळे किंवा गर्भाशयाच्या नित्याच्या आकुंचनाच्या ताणानेही विस्कटू शकते, आणि ती भरून येत असताना अस्तराच्या खोल थरातील पेशी स्नायूंत उतरतात, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. मात्र कधीही प्रसूती वा शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांतही हा विकार दिसतो, म्हणून गर्भावस्थेपासून भिंतीत राहिलेल्या मूळ पेशींचेच पुढे अस्तरात रूपांतर होत असावे, असाही एक विचार आहे. तेव्हा तुमच्या क्युरेटिंगने धोका थोडा वाढवला असेल. पण तेच कारण, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. शिवाय ते त्या वेळी गरजेचे होते, त्याचा सल मनात ठेवू नका.

पुढची वाढ इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर होते. हे उतरलेले अस्तर स्वतःही काही इस्ट्रोजेन तयार करते आणि अस्तराची वाढ आवरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनला नीट दाद देत नाही, त्यामुळे भोवतीचे स्नायू जाड होत जातात. शस्त्रक्रियेत काढलेली अशी पिशवी कापून पाहिली की फायब्रॉइडपासूनचा (गर्भाशयाच्या स्नायूंत होणाऱ्या साध्या गाठीपासूनचा) फरक डोळ्यांना दिसतो : फायब्रॉइडची गाठ टरफलातून शेंगदाणा काढावा तशी सुटी निघते, येथे मात्र वाळूत रवा सांडावा तसे सगळे एकजीव झालेले असते, आणि जाड, खरबरीत भिंतीत ठिकठिकाणी जुन्या रक्ताचे तपकिरी ठिपके असतात. त्यामुळेच केवळ विकार खरवडून काढणे अवघड जाते. जाड झालेली भिंत पाळीत नीट आवळली जात नाही म्हणून रक्तस्राव वाढतो. कळांमागे प्रोस्टाग्लँडिन हे रसायन असते.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले की त्रास बहुधा ओसरतो. तोवर गोळ्या किंवा हार्मोनयुक्त तांबी हे उपाय उपलब्ध आहेत, आणि हा कर्करोग नव्हे. म्हणून पिशवी काढण्याची घाई करू नका. हिमोग्लोबिन मात्र या आठवड्यातच तपासून घ्या.