वाचकांचे प्रश्न : पडक्या वाड्याचं परडं आणि डिटेक्टर

प्रश्न : आमचा जुना वाडा पाडून नवीन बांधकाम होणार आहे. त्याआधी परड्यात मेटल डिटेक्टर फिरवला, तर पावलागणिक आवाज येतो. मशीन बिघडलंय का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : मशीन ठीक असावं. लाकडी वाडा पडला की खिळे, कड्या, बिजागऱ्या, पत्र्याचे तुकडे सगळे मातीत मिसळतात. शिवाय आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोह भरपूर. पन्हाळा-गगनबावड्याकडच्या तांबड्या मातीत हा त्रास आणखी वाढतो.

आधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीतल्या लोहाकडे मशीननं दुर्लक्ष करावं अशी जुळणी करा. आवाज नसलेल्या जागी कॉइल (दांड्याच्या टोकाची गोल चकती) जमिनीपासून ५ ते २५ सेंमी खाली-वर हलवा आणि गुणगुण एकसारखी होईपर्यंत सेटिंग बदलत राहा. मातीचा रंग बदलला की पुन्हा करा. सेन्सिटिव्हिटी अगदी वर नेऊन ठेवायचा मोह टाळा, दोन-तीन घरं खाली आणा. ११ इंची कॉइल काढून ५-६ इंची लावा. ती कमी खोल जाते, पण खिळ्यांच्या मधलं नाणं वेगळं दाखवते. लोखंडाचा आवाज सेटिंगमधून पूर्ण बंद करून फिरू नका, कारण त्याच्या शेजारचं नाणंही मग गप्प बसतं.

सिग्नल लागला की काटकोनात वळून त्याच जागेवरून पुन्हा फिरवा. दोन्हीकडून पडद्यावरचा आकडा तोच आला तर खणा. एका बाजूनं चढा आणि दुसऱ्या बाजूनं तुटका आला, तर बहुधा खिळा. सपाट गंजका पत्रा मात्र भल्याभल्यांना फसवतो.

प्रश्न : याच मशीननं सोड्याच्या जुन्या बाटल्या सापडतील का?
– वाचक, कागल

उत्तर : नाही, काच वाजत नाही. बाटल्यांसाठी सळई लागते. ८ मिमीची, चार फुटी पोलादी सळई घ्या, वर आडवी मूठ आणि खाली १० मिमीचा छर्रा वेल्ड करून घ्या. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये होईल. छर्रा सळईपेक्षा जाड असल्यानं सळई मातीत अडकत नाही. दगडाला लागली की हाताला खरखर जाणवते, काचेवर गुळगुळीत टिक्. दाबायची हळू, ठोकायची नाही.

जागा शोधायची उकिरड्याची : परड्याचा मागचा कोपरा, राखेचा करडा थर, कपबशांचे तुकडे. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते, म्हणून पाऊस संपल्यावरचे दिवस बरे. खड्डा कमरेपेक्षा खोल नेऊ नका. ओल्या काळ्या मातीच्या कडा न सांगता ढासळतात.

वय ओळखायला साच्याची उभी रेघ पाहा. ती तोंडाच्या कडेवरून गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे साधारण विसाव्या शतकातली. तोंडाच्या खाली थांबली असेल तर बहुधा त्याआधीची. नुसती गोटी पाहून खूश होऊ नका. गोटीच्या बाटलीचं पेटंट १८७२चं खरं, पण गोटी सोडा आजही विकला जातो. बाहेर काढलेल्या थंड बाटलीवर गरम पाणी ओतलं तर तडकते.

प्रश्न : तांब्याची नाणी मिळाली आहेत. चिंचेनं घासू का? आणि कुणाला कळवावं लागतं का?
– वाचक, करवीर

उत्तर : चिंच, पितांबरी, लिंबू, काहीच नको. हिरवट थराखालीच अक्षरं टिकलेली असतात. आम्लानं थर गेला की शिवराईवरचं 'श्री राजा शिव' गेलं, परत येत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, मऊ ब्रशनं माती काढा. अक्षर पुसट झालेलं पाव आणा असेल तर वजन करा : १९०६ पूर्वीचं तांब्याचं सुमारे ६.५ ग्रॅम, नंतरचं कांस्याचं ४.९ ग्रॅमच्या आसपास.

कळवावं लागतं. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर काय, कुठे आणि कधी सापडलं ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सांगायचं. जागा स्वतःची असली तरी सांगायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून प्रत्येक नाण्याची खोली आणि भिंतीपासूनचं अंतर वहीत त्याच वेळी लिहा.

पन्हाळ्यासारख्या संरक्षित ठिकाणी मशीन नेऊच नका, तिथं परवान्याशिवाय खोदकाम गुन्हा आहे. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवरही हात लावू नका. तिथं १९४५-४६मध्ये शास्त्रीय उत्खनन झालं, आणि तिथं मिळालेली पोसायडन या समुद्रदेवाची रोमन कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात पाहायला मिळते.