शिवराई खरी, पण कुठल्या काळातली?

प्रश्न : गेली काही वर्षं मी एकाच नाणेवाल्या काकांकडून नाणी घेतोय, कधी शंका आली नाही. मागच्या दिवाळीत त्यांनी एक तांब्याची शिवराई दिली, म्हणाले खुद्द महाराजांच्या काळातली, राज्याभिषेकाच्या वेळची, साडेनऊ हजार घेतले. परवा एका प्रदर्शनात दुसऱ्या संग्राहकाने बघितली आणि म्हणाला ही दुदांडी आहे, पेशवाईतली किंवा त्याच्याही नंतरची, शे-दोनशेला मिळते. नाण्यावर श्री राजा शिव अगदी स्पष्ट आहे हो! सोनाराकडे वजन केलं, जेमतेम नऊ ग्रॅम भरलं. आता काकांना तोंडावर कसं बोलू? बिल आहे, फोटो पाठवतोय. – एक वाचक, सातारा

उत्तर : फोटो बघितला. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या समांतर रेघा दिसतायत ना, तेच ते दोन दांड, त्यामुळेच दुदांडी. तुमचे संग्राहक मित्र बरोबर बोलले. नाणं नकली नाहीये, काळ चुकलाय.

गोंधळ होतो तो नावामुळेच. राज्याभिषेक 1674 चा, तेव्हापासून एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' हा मजकूर सुरू झाला, पण तो महाराजांबरोबर थांबला नाही. पुढचे छत्रपती, पेशवे, सगळ्यांच्या काळात तोच मजकूर छापत राहिले, आणि 1818 ला राज्य गेल्यावर कंपनी सरकारनेसुद्धा दुदांडी पाडल्या, कारण बाजारात लोकांना तेच नाणं ओळखीचं होतं. त्यातल्या काहींवर फसली सन (जुनी महसुली कालगणना) असतो, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे 1240 दिसलं तर 1830. तुमच्या नाण्यावर कडेला आकडे आहेत का ते भिंगाखाली बघा, आकडा सापडला तर वादच मिटला. बाकी जुन्या शिवराईची अक्षरं बहुतेक वेळा सुबक, कडेला ठिपक्यांचं वर्तुळ आणि वजनही जरा जास्त, साधारण अकरा ग्रॅमच्या पुढे. पण नुसत्या वजनावर जाऊ नका, झिजलेलं नाणं हलकं भरतंच, तुमच्या बाबतीत निकाल रेघांनी लागतो.

आता काका. माझा अंदाज, त्यांनी फसवलं नसावं. आपल्याकडे बरेच व्यापारी शिवराई म्हटलं की महाराजांचीच असं धरून चालतात, आणि गिऱ्हाईकालाही तेच ऐकायचं असतं (किंमतही त्यावरच चढते, हे वेगळं सांगायला नको). म्हणून आधी दुकानात चारचौघांसमोर नाही, तर निवांत वेळ बघून जा, नाणं आणि बिल टेबलावर ठेवा आणि म्हणा, काका, ही दुदांडी निघाली, परत घ्या. जुनं गिऱ्हाईक सांभाळायचं असेल तर घेतील. बदल्यात दुसरं नाणं घ्या म्हणाले तर मात्र लगेच हो म्हणू नका, पैसेच मागा.

बिलावर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. 'शिवकालीन शिवराई' असं असेल तर तुमची बाजू भक्कम, कारण 1930 च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे वर्णन सांगून विकलेली वस्तू त्या वर्णनाची असावी लागते. नुसतं 'कॉपर कॉइन' लिहिलं असेल तर त्यांचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, डिलीट करू नका. नाहीच ऐकलं तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन, मग जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, पाच लाखांपर्यंत फी नाही. फक्त नाणं छंदासाठी घेतलेलं असावं, विकून नफा काढायला घेतलं होतं असं निघालं तर ग्राहक म्हणून उभं राहणं अवघड.

आणि कोणी सुचवलं की अमेरिकेला पाठवून ग्रेडिंग (नाण्याच्या खरेपणाची आणि दर्जाची तपासणी) करून आण, तर ऐकू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते असं देशाबाहेर पाठवता येत नाही.

प्रश्न : आजीच्या पेटीत 1862 चा राणीछाप रुपया मिळाला. पितांबरीने घासून चकाचक करू का? एक नाणेवाला म्हणतो 1862 चाच असल्याने दुर्मिळ आहे, अजून एक घ्या. – एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : घासू अजिबात नका, किंमत तिथेच पडते. आणि दुसरा दुर्मिळ म्हणून घेऊ नका. रुपयावर 1862 हे साल 1874 पर्यंत तसंच छापत होते, त्यामुळे असे रुपये भरपूर आहेत. मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर बारीक टिंबं असतात, अभ्यासक ती मोजून नेमकं साल लावतात, आणि किंमतीतला खरा फरक त्या टिंबांवर ठरतो. आजीच्या रुपयाचा दोन्ही बाजूंचा जवळून फोटो पाठवा, मोजून सांगतो.