पाऊस कमी-जास्त झाला की कोरड्या गवताळ रानातलं गवत नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) कसं वापरतं?

फक्त एकूण पाऊस पाहू नका, तो कसा पडतो तेही पाहा. कोरड्या मातीवर ५ मिमीची सर आली की वरच्या थरातले सूक्ष्मजीव काही तासांत जागे होतात आणि सेंद्रिय पदार्थांत अडकलेलं नत्र मोकळं करतात. गवताची मुळं मात्र इतक्या थोड्या ओलीत फारशी कामाला लागत नाहीत. म्हणजे नत्र तयार, पण उचलणारं कोणी नाही. लांबलेल्या दुष्काळात म्हणूनच मातीत नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) साठतं आणि पुढच्या जोरदार पावसात खाली वाहून जातं. स्फुरदाची अडचण आणखी मोठी: ते मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातून मुळापर्यंत सरकत येतं, आणि माती सुकली की ती वाटच तुटते.

गवताचा खरा आधार म्हणजे पान वाळण्याआधी त्यातलं नत्र परत खोडा-मुळांत ओढून घेणं. हे मोजायला ऐन वाढीतली हिरवी पानं आणि गवतावरच नुकती वाळलेली पानं घ्या, ६५ अंश सेल्सिअसवर ४८ तास सुकवा. समजा हिरव्यात ग्रॅममागे १८ मिलिग्रॅम नत्र, वाळलेल्यात ८. तर परत घेतलं ५६ टक्के. पण वाळताना पानाचं वजनही घटतं. ती घट २० टक्के धरली तर खरा आकडा ६४ होतो. ही दुरुस्ती हमखास विसरली जाते. पावसात भिजलेली वाळकी पानं तर घेऊच नका, त्यातलं पोषण आधीच धुऊन गेलेलं असतं.