मासळीतील पारा शिजवल्याने जातो का?

प्रश्न : कारखान्यांचे सांडपाणी मिळणाऱ्या खाडीतील मासळी नीट धुऊन शिजवली, तर तिच्यातील पारा निघून जातो का?

उत्तर : नाही. मासळीतील पारा मुख्यतः मिथिल पारा या विषारी संयुगाच्या रूपात असतो आणि तो माशाच्या मांसातील प्रथिनांशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तो धुऊन किंवा शिजवून जात नाही. उलट लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत त्याचे प्रमाण वाढत जाते. जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्याने मिथिल पारा असलेले सांडपाणी समुद्रात सोडले, आणि १९५६ मध्ये त्यातून झालेल्या आजाराची अधिकृत नोंद होऊनही ते १९६८ पर्यंत थांबवले नाही, हे मला अक्षम्य वाटते. तिथे आईला फारशी लक्षणे नसतानाही गर्भातील बाळांच्या मेंदूला इजा झाली. म्हणून गरोदर स्त्रियांनी अशा खाडीतील मासळी, विशेषतः मोठे शिकारी मासे, टाळावेत.