केबल खोक्यातच आहे

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, गिटार शिकते. घरच्या आयपॅडवर (नाइन्थ जनरेशन) रेकॉर्डिंग करता यावं म्हणून तिला फोकसराइटचा स्कारलेट सोलो, थर्ड जनरेशन (गिटारचा आवाज आयपॅडमध्ये नेणारा ऑडिओ इंटरफेस), घेऊन दिला. दुकानदाराने टाइप-सी टू लाइटनिंग केबल दिली. दोन्हीकडे नीट बसते, पण सोलोचा दिवाच लागत नाही. आता आयपॅड बदलायचा का?
— एक आई, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : ताई, आयपॅड अजिबात बदलू नका. सोलोही बहुतेक ठणठणीत असेल. घोळ केबलचा आहे. तुम्हाला मिळालेली केबल आयपॅड चार्ज करायला किंवा कॉम्प्युटरला जोडायला असते. इथे कॉम्प्युटरचं काम आयपॅडनेच करायचंय, सोलोला करंटही त्यानेच पुरवायचाय. त्या केबलने ते होत नाही.

सोलोच्या खोक्यात एक केबल आलेली असते, एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला आपली नेहमीची चपटी यूएसबी. तीच बरोबर. विकत घ्यायचा तो अ‍ॅपलचा 'लाइटनिंग टू यूएसबी 3 कॅमेरा अ‍ॅडॉप्टर'. नावात कॅमेरा आहे म्हणून दुकानात नको म्हणू नका. मात्र घेताना नीट बघा, त्याला यूएसबीच्या शेजारी चार्जिंगचं लाइटनिंग भोकही हवं. तसाच दिसणारा, पण ते भोक नसलेलाही एक मिळतो. तो लावला की आयपॅड सांगतो, या वस्तूला वीज जास्त लागते, आणि गाडी तिथेच अडते. आयपॅडचा चार्जर अ‍ॅडॉप्टरमध्ये लावून ठेवा, मग सोलोला पुरेशी वीज मिळते.

राजारामपुरीत जा नाहीतर शाहूपुरीत, पण जाताना आयपॅड, चार्जर, सोलो आणि खोक्यातली केबल सगळं घेऊन जा. काउंटरवरच जोडून बघा. सोलोवरचा यूएसबीचा हिरवा दिवा लागला, तरच पैसे द्या. त्यात संकोच कसला!

टेन्थ जनरेशनपासूनच्या साध्या आयपॅडला टाइप-सी आहे. त्यांना डेटा जाणारी सी टू सी केबल पुरते. 'डेटा जातो का?' हे विचारायचंच, कारण बाजारात नुसत्या चार्जिंगच्या केबल ढिगाने आहेत. अँड्रॉइड टॅबला ओटीजी कनेक्टर (टॅबला यूएसबीची वस्तू जोडायचा छोटा जोड) लावून खोक्यातलीच केबल चालते, फक्त तो टॅब यूएसबी ऑडिओ घेतो का, ते आधी लावून बघावं.

आता लेकीसाठी. गिटारची जाड पिन सोलोच्या लाइन इनपुटमध्ये लाव आणि 'इन्स्ट' बटण दाब, नाहीतर आवाज पातळ, निर्जीव येतो. 48 व्हीचं बटण बंदच असू दे, ते कंडेन्सर प्रकारच्या माइकला वीज पुरवण्यासाठी असतं. गॅरेजबँड या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला अ‍ॅम्प वापरताना डायरेक्ट मॉनिटर (गिटारचा आवाज थेट हेडफोनला देणारं सोलोवरचं बटण) बंद कर, नाहीतर कोरी गिटार आणि अ‍ॅम्पची गिटार एकावर एक ऐकू येतील. जोडणी झाली की आवाज आयपॅडच्या स्पीकरमधून येणार नाही, हेडफोन सोलोलाच लावायचा. ब्लूटूथचा मुळीच नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि ताल चुकतो. वायरचा घे, आणि त्याची पिन बारीक असेल तर 3.5 ते 6.35 मिलिमीटरचा कन्व्हर्टर त्याच दुकानातून आण.